केबलचे चॅनेल सुटे कसे घ्यायचे: कॅलेंडर, पेन्सिल आणि एक अर्ज

मी वाईला आईकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. केबलच्या वसुलीचा मुलगा दारात आला. आईने फळीवरच्या डब्यातून साडेतीनशे रुपये आणि वर चार रुपये सुटे काढून त्याच्या हातावर ठेवले. पावती नाही की वहीत नोंद नाही. मी विचारलं, "आई, एवढे कशाचे गं?" ती म्हणाली, "अगं, सगळे चॅनेल येतात की." सगळे म्हणजे किती ते तिला ठाऊक नव्हतं. पतसंस्थेत सत्तावीस वर्षं मी खतावण्या जुळवल्या, हिशेब लागला नाही की मला जेवण जात नाही. रात्री रिमोट घेऊन बसले. दोनशेच्या वर चॅनेल लागत होते. कार्टूनचे, इंग्रजी सिनेमांचे, चार-पाच खेळांचे. आई ७८ वर्षांची, घरात एकटी.

त्या महिन्यात तिचं बिल मी पहिल्यांदा मांडलं. तेव्हापासून नात्यात आणि साताऱ्याच्या आमच्या गल्लीत मिळून वीसेक घरांची मांडली. त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. चॅनेल सुटा मागणं हा तुमचा हक्क आहे. केबलवाले "आमच्याकडे सुटं मिळत नाही, पॅकच घ्यावा लागतो" असं सांगतात आणि आपण मान डोलावतो. नियम उलट आहे. ट्रायने, म्हणजे फोन आणि टीव्ही सेवांचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, मार्च २०१७ मध्ये आदेश काढला, चॅनेल कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि ३० ऑक्टोबर २०१८ ला तो आदेश कायम झाला. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक पेड चॅनेलचा सुटा भाव जाहीर करणं आणि मागेल त्याला तो सुटा देणं बंधनकारक आहे. केबल असो वा डिश, दोन्हीला हे लागू आहे.

आणि हे अचानक आलेलं नाही. माझी मावशी गिरगावात राहायची. दक्षिण मुंबईत १ जानेवारी २००७ ला सेट टॉप बॉक्स आले तेव्हा तिच्याकडे पेड चॅनेल सुटा ५ रुपयांना मिळायचा आणि ७७ रुपयांत किमान ३० फ्री चॅनेल. मावशी फोनवर सांगायची, "मी चारच घेतलेत, वीस रुपयांत काम झालं." आम्हाला वाईत तेव्हा ते परीकथेसारखं वाटायचं, कारण आमच्याकडे तार ओढून आणलेलं कनेक्शन आणि केबलवाला सांगेल ती रक्कम. आता कायद्याने ते सगळ्यांना मिळालं आहे. फक्त मागावं लागतं.

आठवडाभर कॅलेंडरवर लिहा

बिल पाहायच्या आधी घर पाहा. आपण दुधाचा खाडा कॅलेंडरवर मांडतो, तसंच टीव्हीचं मांडायचं. सात दिवस, त्या त्या तारखेच्या चौकटीत, लागलेल्या चॅनेलचा नंबर पेन्सिलीने लिहायचा. दहा मिनिटांपेक्षा जास्त पाहिला तरच. "आम्ही काय काय बघतो" असं विचारून यादी केलीत तर ती खोटी निघते. माणूस आपण बघावं असं वाटणारे चॅनेल सांगतो, बघतो ते नाही. आमच्या थोरल्या वहिनींनी तोंडी तीन माहितीपट दाखवणारे चॅनेल सांगितले होते. सात दिवसांत त्यातला एकही कॅलेंडरवर उमटला नाही.

आईच्या कॅलेंडरवर सहा नंबर निघाले. दोन मराठी मालिकांचे, एक मराठी सिनेमांचा, एक बातम्यांचा, सह्याद्री आणि सकाळचं एक भजनाचं चॅनेल. सातवी गोष्ट मला तिच्याजवळ बसल्यावर कळली. दुपारी चारच्या सुमाराला ती उगाच चॅनेल पुढे पुढे ढकलत राहायची. मी म्हटलं, काय शोधतेस? जरा वेळाने म्हणाली, "कन्नड काही लागतंय का बघते." आईचं माहेर निपाणीचं. लहानपणी घराबाहेर पडलं की कन्नडच. तिच्या त्या साडेतीनशेच्या पॅकमध्ये इंग्रजी सिनेमे होते, पण कन्नड मालिकांचा चॅनेल नव्हता. पॅक मराठी घर डोळ्यापुढे ठेवून बांधलेला, निपाणीची लेक त्यात बसत नव्हती. मी हे काम मनावर घेतलं ते पैशापेक्षा या एका गोष्टीमुळे.

म्हणून घरात म्हातारं माणूस असेल तर यादी त्यांच्यासमोर करा. त्यांच्या वतीने ठरवू नका. भजनाचं चॅनेल "कुणी बघत नाही" म्हणून कापणारे मुलगे मी पाहिले आहेत.

बिलाचे तीन तुकडे करा

केबलच्या बिलात तीनच गोष्टी असतात. पहिली नेटवर्क फी, म्हणजे तार आणि डबा (सेट टॉप बॉक्स) चालू ठेवण्याचे पैसे, जे एकही पेड चॅनेल न घेता द्यावेच लागतात. दुसरी पेड चॅनेलचे किंवा पॅकचे पैसे. तिसरी या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

नेटवर्क फी २०१९ मध्ये १०० चॅनेलना जास्तीत जास्त १३० रुपये होती. २०२० च्या आदेशाने त्याच १३० मध्ये २०० चॅनेल आले, आणि त्याहून कितीही जास्त असले तरी १६० च्या वर घेता येत नव्हते. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली. आता फी किती घ्यायची ते केबल किंवा डिशची कंपनी ठरवते, त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा: "नुसती नेटवर्क फी किती?" आईच्या केबलवाल्याची १३० च आहे. करासकट १५३ रुपये ४० पैसे. म्हणजे तिच्या ३५४ मधले २०० रुपये ६० पैसे पेड चॅनेलचे, करासकट. ही वजाबाकी मी आईसमोर केली तेव्हा ती म्हणाली, "दोनशे रुपयांचं मी बघते तरी काय?"

फ्री चॅनेल नेटवर्क फीतच येतात, त्यांचा वेगळा पैसा नाही. दूरदर्शनचे चॅनेल द्यावेच लागतात, सह्याद्रीही त्यातच. भजन-कीर्तनाचे बरेच चॅनेल फ्री आहेत. मराठी बातम्यांचे बहुतेक चॅनेल एक तर फ्री किंवा भाव रुपयाच्या आत. वीस घरांच्या अनुभवावरून सांगते, घरातल्या यादीतलं निम्मं फुकटच निघतं आणि लोक त्यासाठी पॅक घेऊन बसलेले असतात.

भाव कुठे बघायचे? डब्यावर ९९९ नंबरचा चॅनेल लावून बघा, तिथे माहिती दाखवायची असा नियम आहे. ट्रायच्या संकेतस्थळावर भावांची यादी असते, आणि ट्रायने २०२० मध्ये चॅनेल निवडायचं एक मोबाइल ॲपही काढलं. डिशवाल्यांच्या ॲपमध्ये आपली यादी टाकली की बेरीज समोर येते. भाव बदलत राहतात, तेव्हा कुणाच्या जुन्या यादीवर विसंबू नका, माझ्याही नाही.

१९ रुपयांचं कोडं

यादी उघडलीत की लक्षात येईल, गाजलेल्या चॅनेलपैकी पुष्कळांचा सुटा भाव १९ च्या आसपास घुटमळतो. २०१९ मध्ये झी मराठी १९, स्टार प्लस १९, सोनी १९, कलर्स १९. सगळ्यांचा खर्च सारखाच कसा? कारण नियमात आहे. ज्या चॅनेलचा सुटा भाव १९ च्या वर, तो कंपनीला पॅकमध्ये घालता येत नाही. ट्रायने मध्यंतरी ही मर्यादा १२ वर आणायचा आदेश काढला, त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात लढा झाला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा १९ झाली. म्हणून कंपन्या भाव मर्यादेला टेकवून ठेवतात. सुटं महाग दिसलं की पॅक स्वस्त दिसतो.

मला राग आहे तो याचा. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. सुटी साखर पाकिटातल्या साखरेपेक्षा महाग विकायची हे त्यांना कधी सुचलं नसतं. चॅनेल कंपन्यांचं म्हणणं असं की सुटंच विकलं तर छोटे चॅनेल बुडतील, मोठ्याच्या आधाराने ते घरात पोचतात. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. कीर्तनाचा किंवा नाटकाचा एखादा नवा चॅनेल लोकांना दिसायला हवा. पण तो आधार पेन्शनवर जगणाऱ्या बाईच्या डब्यातून, तिला न विचारता का काढायचा? चॅनेल सुटे विकायलाच हवेत, आणि सुट्याचा भाव खरा हवा. नुसता हक्क देऊन भाव फुगवला तर तो हक्क कागदावर राहतो. पहिल्या आदेशात पॅकवरच्या सवलतीला १५ टक्क्यांची मर्यादा होती. मद्रास उच्च न्यायालयाने तेवढंच कलम रद्द केलं आणि तिथे फट राहिली. फेब्रुवारी २०२३ पासून मर्यादा आहे, पण ४५ टक्के.

पॅक की सुटं: ५५ चा हिशेब

ही ४५ टक्क्यांची मर्यादा आपल्या कामाची आहे. चॅनेल कंपनीच्या पॅकमधल्या सगळ्या चॅनेलच्या सुट्या भावांची बेरीज १०० रुपये असेल, तर पॅक ५५ च्या खाली विकता येत नाही. तेव्हा एकेका कंपनीचा पॅक समोर घ्या. तुमच्या यादीतले त्यातले चॅनेल किती, त्यांचे सुटे भाव मिळवा. ती बेरीज पॅकच्या पूर्ण सुट्या बेरजेच्या निम्म्याच्या आत असेल तर डोळे मिटून सुटं घ्या, पॅक स्वस्त पडूच शकत नाही. निम्म्याच्या वर गेली तर पॅकचा नेमका भाव बघून ठरवा.

आईच्या यादीत पेड चारच निघाले: १९, १५, १० आणि २ रुपयांचे. पंधराचा तो कन्नड. बेरीज ४६. नेटवर्क फी धरून १७६, त्यावर जीएसटी ३१.६८, एकूण २०७ रुपये ६८ पैसे. ३५४ च्या जागी २०८. वर्षाचे साडेसतराशे रुपये वाचले, आणि वर कन्नडही मिळालं.

पण आमच्या थोरल्या वहिनींकडे उलटं झालं आणि तेही सांगायला हवं. घरात सहा माणसं, तीन पिढ्या. एकाच कंपनीचे नऊ पेड चॅनेल कॅलेंडरवर रोज. सुट्यांची बेरीज ८८ आणि त्या कंपनीचा पॅक ५९ ला. तिथे पॅक घेतला, दुसऱ्या कंपनीचे दोन चॅनेल सुटे जोडले. पॅक आणि सुटं असं मिसळता येतं, हे केबलवाला आपणहून सांगत नाही.

केबल किंवा डिशवाल्याने स्वतः बांधलेले पॅक असतात, त्यांचं गणित निराळं. त्यात कधी कधी नेटवर्क फीच कमी करून दिलेली असते. म्हणून तुलना नेहमी करासकट शेवटच्या आकड्याची करा. मधल्या आकड्यांवर भांडण नको.

एचडीबद्दल एकच वाक्य: एचडी हा वेगळा चॅनेल असतो, भाव बहुधा जास्त असतो, आणि टीव्ही आणि डबा दोन्ही एचडी नसतील तर ते पैसे वाया जातात. आईचा टीव्ही जुना, मागे पेटी असलेला, आणि तिच्या पॅकमध्ये दोन एचडी होते.

अर्ज

तोंडी सांगून काम होत नाही. आईच्या केबलवाल्याला मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा "सिस्टीम बंद आहे", मग "पुढच्या महिन्यात बघू", मग "ताई, सुटं महाग पडतं, तुमचंच नुकसान". चौथ्यांदा लिहून नेलं आणि दोन दिवसांत काम झालं. मजकूर एवढाच:

"माझ्या कनेक्शनवरचा सध्याचा पॅक येत्या १ तारखेपासून बंद करावा. खाली नावं लिहिलेले पेड चॅनेल सुटे चालू करावेत. फ्री चॅनेल तसेच ठेवावेत. दरमहा किती रक्कम होईल ती नेटवर्क फी, चॅनेलचे भाव आणि जीएसटी असे वेगवेगळे दाखवून लेखी कळवावी."

खाली नाव, पत्ता, डब्याचा किंवा कार्डाचा नंबर, तारीख, सही. दोन प्रती, एकीवर पोच. व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी चालतं, पण फोटो जपून ठेवा. शब्द गोडच ठेवा. आईला वाटत होतं की त्या मुलाच्या पोटावर पाय येईल. मी तिला समजावलं: वेगळा करार नसेल तर नेटवर्क फीतला ४५ टक्के वाटा स्थानिक केबलवाल्याचा असतो, आणि ती फी आपण देतोच आहोत. तार तुटली की खांबावर चढणारा तोच आहे, त्याचे पैसे बुडवायचे नाहीतच.

तरी दाद दिली नाही तर डब्यावर ज्या मोठ्या कंपनीचं नाव आहे तिच्या ग्राहक सेवेला फोन करून तक्रार नंबर घ्या. नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पुढची पायरी तिचा नोडल अधिकारी, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणारा माणूस. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. वीस घरांत आयोगापर्यंत जायची वेळ एकदाही आली नाही. दोन घरांत १९१५ ला फोन करावा लागला.

बदल झाल्यावर

दुसऱ्या दिवशी यादीतला एकेक चॅनेल लावून बघा. पहिल्या महिन्याच्या पावतीत आकडा मागितला तोच आहे का ते पाहा. पावती न देणाऱ्याला पैसे ऑनलाइन द्या, म्हणजे नोंद आपोआप राहते. एखादा चॅनेल महिनाभर फुकट दिसतो आणि पुढच्या बिलात त्याचे पैसे लागतात, असं आमच्या गल्लीत दोनदा झालं. अशा वेळी लगेच लेखी कळवा.

घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याला पहिल्यासारखेच चॅनेल हवेत असं नाही, यादी वेगळी देता येते. स्वयंपाकघरातल्या टीव्हीला फ्री चॅनेल आणि एक मालिकांचा पुरतो. दुसऱ्या टीव्हीची नेटवर्क फी किती कमी करणार, तेही विचारून घ्या.

क्रिकेटचे चॅनेल वर्षभर ठेवायची गरज नाही. आयपीएलला सुरू करा, संपली की काढा. काढताना किती दिवसांचे पैसे जातील ते आधी विचारा. पुष्कळ जण म्हणतात, भारताचे सामने दूरदर्शनवर येतात, मग पैसे कशाला? २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं हे खरं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवायचं, खासगी केबल आणि डिशवर नाही. म्हणून शेजाऱ्याच्या डीडी फ्री डिशवर सामना दिसतो आणि तुमच्या केबलवर त्याच चॅनेलवर दुसरंच काही चालू असतं.

फ्री डिशचं नाव निघालंच आहे तर: छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की महिन्याला एक रुपयाही लागत नाही. तुमच्या कॅलेंडरवरचे सगळे नंबर फ्री निघाले असतील तर १५३ रुपये तरी का भरायचे? मात्र त्यावरचे खासगी चॅनेल लिलावाने येतात आणि बदलतात. घ्यायच्या आधी गावात कुणाकडे आहे त्याच्याकडे बसून तासभर बघा. आमच्या धाकट्या दिरांनी शेतावरच्या घरात तीच लावली आहे.

म्हातारी माणसं दोन-तीन महिने लेकाकडे पुण्या-मुंबईला जातात. तेव्हा पूर्ण महिन्यांसाठी कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवायला लेखी कळवता येतं, त्या काळाची नेटवर्क फी आणि चॅनेलचे पैसे लागत नाहीत. आई दिवाळीनंतर माझ्याकडे दोन महिने येते, आम्ही दरवर्षी करतो.

आता शेवटचं काम, ते चुकवू नका. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात चॅनेलचं नाव आणि नंबर लिहा, चिकटपट्टी लावून टीव्हीशेजारी भिंतीवर लावा. दोनशे चॅनेल पुढे ढकलत बसायची सवय एकदम जात नाही. आईच्या कागदावर सात ओळी आहेत. सातवी तिने माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिली, कन्नडमध्ये. शाळा सुटल्यावर ती अक्षरं तिने लिहिलेली मी कधी पाहिली नव्हती.